माज, अंडपेशी आणि विकरांची साखळी : गाईच्या गर्भधारणेच्या पहिल्या दिवसांचा अभ्यास

गाय माजावर येते, रेतन होते आणि एकवीस दिवसांनी ती पुन्हा हंबरू लागते. आपल्याकडे त्याला ‘गाय उलटली’ असे म्हणतात. या दोन शब्दांत शेतकऱ्याची निराशा असते. एक पाळी हुकली म्हणजे तीन आठवड्यांचा चारा, पाणी आणि श्रम वाया गेले. दोन-तीन पाळ्या हुकल्या म्हणजे पुढचे वेत लांबले, दूध लांबले, आणि कोरडवाहू कुटुंबाचा वर्षाचा हिशेब कोलमडला. अशा वेळी दोष कधी गाईच्या माथी मारला जातो, कधी रेतन करणाऱ्याच्या आणि कधी नशिबाच्या. गाईच्या शरीरात त्या एकवीस दिवसांत नेमके काय घडले, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाचा पाठपुरावा करावयाचा आहे.

बीड जिल्ह्याच्या दृष्टीने हा विषय केवळ पाठ्यपुस्तकी नाही. आपला जिल्हा देवणी आणि लाल कंधारी या दोन देशी गोवंशांच्या प्रदेशाशी जोडलेला आहे. लातूर जिल्ह्यातील देवणी हे ज्या वंशाचे मूळ नाव, त्याचे वानेरा, बालंक्या आणि शेवरा हे तीन रंगप्रकार मराठवाड्यातील जाणत्या पशुपालकाला पाहताक्षणी ओळखता येतात. गडद तांबूस वर्णाची लाल कंधारी नांदेड जिल्ह्यातील कंधारच्या नावाने ओळखली जात असली, तरी परळीच्या बाजूच्या गोठ्यांतही ती पूर्वापार आहे. हे वंश कमी चाऱ्यावर तगणारे, कडक उन्हात कामाला टिकणारे. परंतु ट्रॅक्टर आल्यावर बैलाची गरज घटली आणि त्याबरोबर या वंशांकडे पाहण्याची आस्थाही घटली. जातिवंत गाय टिकवायची असेल तर तिची पुढची पिढी जन्मली पाहिजे. आणि पुढच्या पिढीचा पहिला टप्पा म्हणजे एका अंडपेशीचे नीट पक्व होणे.

विकर आणि संकेत

सजीवाच्या पेशीत घडणारी जवळजवळ प्रत्येक रासायनिक क्रिया विकरांच्या साहाय्याने घडते. विकर हे बहुधा प्रथिन असते. ते क्रियेचा वेग प्रचंड वाढवते आणि स्वतः मात्र खर्ची पडत नाही. लाळेतील अमायलेज भाकरीतील पिष्टाचे शर्करेत रूपांतर करते, हे आपण शाळेत शिकलो. परंतु विकरांचे काम पचनापुरते मर्यादित नाही. काही विकरे पेशीतील अन्य प्रथिनांना ‘आता कामाला लाग’ किंवा ‘आता थांब’ असे सांगण्याचे काम करतात. यालाच विकरांद्वारे होणारे संकेतवहन म्हणतात.

हा निरोप देण्याची सर्वांत प्रचलित पद्धत म्हणजे प्रथिनावर फॉस्फेटचा एक लहानसा गट बसवणे. तो बसवणाऱ्या विकरांना कायनेज म्हणतात आणि तो काढून घेणाऱ्यांना फॉस्फटेज. काही प्रथिने फॉस्फेट बसल्यावर जागी होतात, तर काही त्यामुळे निष्क्रिय होतात. बैलगाडीच्या चाकाखाली दगड लावला की गाडी थांबते आणि दगड काढला की चालते. दगड लावणारा आणि काढणारा हे दोघेही आवश्यक असतात, तसाच हा प्रकार आहे. स्नायूंतील शर्करेच्या साठ्याचा अभ्यास करताना ही पद्धत एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्ज यांनी १९५०च्या दशकात उलगडली आणि त्यासाठी १९९२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याआधी १९७१ साली अर्ल सदरलँड यांना जे नोबेल मिळाले ते चक्रीय ए.एम.पी. या रेणूशी निगडित होते. संप्रेरक पेशीच्या बाहेर थांबते आणि त्याचा निरोप आत पोहोचवण्याचे काम हा रेणू करतो. गाईच्या अंडपेशीची कथा याच रेणूपासून सुरू होते.

वर्षानुवर्षे थांबलेली पेशी

गाईच्या अंडाशयातील अंडपेशींचा साठा ती स्वतः आईच्या गर्भाशयात असतानाच तयार होतो. त्या वेळी या पेशी अर्धगुणसूत्री विभाजनाला आरंभ करतात. गाईच्या पेशीत ६० गुणसूत्रे असतात. ती निम्मी करून ३० वर आणणे हा या विभाजनाचा हेतू. परंतु हे विभाजन पहिल्याच अवस्थेत थांबते आणि थांबलेलेच राहते. कालवड जन्मते, वाढते, पहिल्यांदा माजावर येते, दोन-चार वेत होतात, तरी अंडाशयातील बहुसंख्य अंडपेशी तशाच थांबलेल्या असतात. सात वर्षांच्या गाईची अंडपेशी ही सात वर्षांहून अधिक काळ विभाजनाच्या उंबरठ्यावर उभी असते.

ती कोणामुळे थांबते? अंडपेशीत चक्रीय ए.एम.पी.चे प्रमाण जास्त असते, म्हणून. हा रेणू अ‍ॅडेनिलिल सायक्लेज नावाचे विकर तयार करते आणि फॉस्फोडायएस्टरेज-३ नावाचे विकर त्याचा नाश करते. एका बाजूने सतत भरणाऱ्या आणि दुसऱ्या बाजूने मोरीतून वाहून जाणाऱ्या हौदाची कल्पना करावी. मोरी मोकळी राहिली तर हौद भरणार नाही. म्हणून निसर्गाने मोरीला बोळा लावला आहे. हा बोळा म्हणजे चक्रीय जी.एम.पी. हा दुसरा रेणू. विशेष असे की, तो मुख्यत्वे अंडपेशीभोवतीच्या पुटिकेतील पेशींत तयार होतो आणि त्या पेशींना अंडपेशीशी जोडणाऱ्या अतिसूक्ष्म मार्गांतून आत येतो. अंडपेशीला थांबवून ठेवणारी शक्ती अशा रीतीने तिच्या परिवाराकडून येते.

याचा पहिला पुरावा १९३५ साली मिळाला. ग्रेगरी पिंकस आणि एन्झमन यांनी सशाची अंडपेशी पुटिकेतून बाहेर काढून पोषक द्रवात ठेवली, तेव्हा कोणत्याही संप्रेरकाशिवाय ती आपोआप विभाजनाला लागली. बंधन तुटले आणि पेशी चालू लागली. गाईची अंडपेशीही अशीच वागते.

हौद भरलेला असतो तोवर चक्रीय ए.एम.पी.मुळे प्रथिन कायनेज-ए हे विकर जागे राहते. ते विभाजन घडवणाऱ्या मुख्य विकराच्या चाकाखालचा दगड निघू देत नाही. या मुख्य विकराचे नाव सी.डी.के.-१. त्याला सायक्लिन-बी नावाचे प्रथिन जोडीला लागते. या जोडगोळीलाच पक्वताकारक घटक असे म्हणतात. बेडकाच्या अंड्यांवर काम करताना मासुई आणि मार्कर्ट यांनी १९७१ साली या घटकाचे अस्तित्व दाखवले. पुढे टिम हंट यांना सागरी साळिंदराच्या, म्हणजे सी-अर्चिनच्या अंड्यांत सायक्लिन सापडले. आणि पेशीविभाजनाच्या या यंत्रणेसाठी हंट, पॉल नर्स व लेलँड हार्टवेल यांना २००१ सालचे नोबेल मिळाले. बेडूक, सी-अर्चिन, यीस्ट आणि आपल्या दावणीची गाय यांच्यात विभाजनाचे मूळ यंत्र एकच आहे, ही या संशोधनातून मिळालेली एक थक्क करणारी जाणीव होय.

माजाचे तास

गाईचे ऋतुचक्र साधारण २१ दिवसांचे. माजाच्या सुरुवातीच्या सुमारास मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीतून एल.एच. या संप्रेरकाची एकदम मोठी लाट रक्तात येते. गाय हंबरते, शेपटी उचलते, चारा कमी खाते, दुसऱ्या जनावरावर उडते, चिकट पारदर्शक सोट टाकते. ही सारी चिन्हे आपल्याला बाहेरून दिसतात. नेमक्या त्याच तासांत, आतल्या एका पुटिकेत, वर्षानुवर्षे थांबलेली अंडपेशी जागी होत असते.

घटनांचा क्रम असा असतो. एल.एच.चा निरोप थेट अंडपेशीला मिळत नाही. तो पुटिकेच्या भिंतीतील पेशींना मिळतो. त्या पेशी स्वतःचे दुसरे निरोपे तयार करतात. अ‍ॅम्फिरेग्युलिन आणि एपिरेग्युलिन ही त्यांची नावे. हे निरोपे अंडपेशीला बिलगलेल्या क्युम्युलस पेशींपर्यंत पोहोचतात आणि तेथे ई.आर.के. नावाची कायनेज विकरे जागी होतात. त्यांच्यामुळे अंडपेशीकडे जाणारे सूक्ष्म मार्ग बंद होऊ लागतात आणि चक्रीय जी.एम.पी.ची आवक घटते. मोरीचा बोळा निघतो. फॉस्फोडायएस्टरेज-३ मोकळे होऊन चक्रीय ए.एम.पी. संपवते. हौद रिकामा होताच प्रथिन कायनेज-ए शांत होते. मग सी.डी.सी.-२५ हे फॉस्फटेज विकर पुढे येऊन सी.डी.के.-१ वरील फॉस्फेटचा दगड काढते आणि विभाजनाची गाडी चालू लागते.

केंद्रकाचे आवरण विरघळते, गुणसूत्रे आखडतात, त्यांना ओढणारे तंतू तयार होतात. अर्धी गुणसूत्रे एका लहानशा पेशीत, म्हणजे ध्रुवीय पिंडात, बाहेर टाकली जातात. त्यानंतर अंडपेशी पुन्हा एकदा थांबते. हे दुसरे थांबणे दुसऱ्या विभाजनाच्या मध्यावर असते. या थांब्याची राखण मॉस नावाचे कायनेज आणि त्याने जागवलेली ई.आर.के. विकरे करतात. गाईमध्ये हा सारा प्रवास सुमारे २४ तासांत पुरा होतो. प्रयोगशाळेतही गाईची अंडपेशी ३८.५ अंश सेल्सिअसला २२ ते २४ तास ठेवावी लागते.

आता रेतनाच्या वेळेचा जुना नियम आठवावा : सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. ट्रिम्बर्गर यांनी १९४८ साली मांडलेल्या निरीक्षणांतून हा नियम रूढ झाला. तेव्हा वरील विकरांपैकी बहुतेकांची नावेही कोणाला ठाऊक नव्हती. आज त्यामागचे कारण सांगता येते. माज सुरू झाल्यापासून सुमारे २८ ते ३० तासांनी अंडपेशी पुटिकेतून सुटते आणि त्यानंतर काही तासच ती ताजी असते. शुक्राणूलाही गाईच्या जननमार्गात सक्षम होण्यास काही तास लागतात. दोघांची भेट योग्य वेळी घडायची तर रेतन माज सुरू होताच करून चालत नाही आणि माज सरल्यावर बराच काळ थांबूनही चालत नाही. देशी गाईंचा माज अनेकदा कमी वेळ टिकतो आणि मुका असतो. म्हणून तिच्या बाबतीत निरीक्षण अधिक काटेकोर हवे.

शुक्राणू काय घेऊन येतो?

शुक्राणू केवळ बापाची गुणसूत्रे घेऊन येतो, अशी समजूत दीर्घकाळ होती. प्रत्यक्षात तो आपल्यासोबत एक विकरही आणतो. त्याचे नाव फॉस्फोलायपेज सी-झीटा. २००२ साली उंदरावरील संशोधनातून त्याची ओळख पटली. हे विकर अंडपेशीतील एका मेदरेणूचे तुकडे करते. त्यातील एका तुकड्यामुळे पेशीतील कॅल्शियमचे साठे उघडतात. कॅल्शियमची एक लाट उठते, ओसरते, पुन्हा उठते. गाईच्या अंडपेशीत या लाटा कित्येक तास चालू राहतात.

कॅल्शियमच्या प्रत्येक लाटेबरोबर आणखी एक कायनेज जागे होते आणि दुसऱ्या थांब्याची राखण करणारे प्रथिन नष्ट करवते. मग सायक्लिन-बीवर नाशाची खूण लावली जाते आणि ते मोडले जाते. जोडीदार गेल्याने सी.डी.के.-१ निष्प्रभ होते, विभाजन पूर्ण होते आणि आईची व बापाची गुणसूत्रे एकत्र येण्याचा मार्ग मोकळा होतो. याच वेळी अंडपेशीच्या कडेला असलेल्या सूक्ष्म पिशव्या फुटतात आणि त्यांतील द्रव्ये बाहेरचे आवरण कठीण करतात, जेणेकरून दुसरा शुक्राणू आत येऊ नये. एकाहून अधिक शुक्राणू शिरले तर गुणसूत्रांची संख्या बिघडते आणि असा भ्रूण टिकत नाही.

आईच्या शिदोरीवरचे पहिले दिवस

फलन झाले म्हणजे गर्भ राहिला, असे मानणे हे या विषयातील सर्वांत मोठे गैरसमज ठरते. एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार, चारांच्या आठ पेशी होतात. परंतु या पहिल्या दिवसांत भ्रूणाची स्वतःची जनुके जवळजवळ मूक असतात. लागणारी विकरे, ती बनवण्याचे आराखडे आणि ऊर्जा हे सर्व अंडपेशीने आधीच साठवून ठेवलेले असते. ही आईने बांधून दिलेली शिदोरी होय. उंदराचा भ्रूण दोन पेशींच्या अवस्थेतच स्वतःच्या जनुकांवर चालू लागतो, माणसाचा चार ते आठ पेशींच्या सुमारास. गाईचा भ्रूण मात्र मुख्यत्वे आठ ते सोळा पेशींच्या टप्प्यावर. म्हणजे फलनानंतर तीन-चार दिवस गाईचा भ्रूण आईच्या शिदोरीवर जगतो. शिदोरी अपुरी असेल तर तो याच टप्प्यावर थबकतो. प्रयोगशाळेत गाईचे भ्रूण वाढवू पाहणाऱ्या संशोधकांना आठ पेशींपाशी अडणाऱ्या भ्रूणांनी अनेक वर्षे सतावले, त्याचे मूळ येथेच आहे.

चौथ्या-पाचव्या दिवशी भ्रूण अंडनलिकेतून गर्भाशयात उतरतो. सातव्या दिवशी तो आतून पोकळ चेंडूसारखा दिसतो. या अवस्थेला ब्लास्टोसिस्ट म्हणतात. त्यातील आतल्या पेशींच्या झुबक्यापासून वासरू घडते आणि बाहेरच्या थरापासून वारेचा भाग. कोणत्या पेशीने आतली व्हावे आणि कोणत्या पेशीने बाहेरची, हे ठरवण्यातही कायनेज विकरांची साखळी काम करते. पुढे १६व्या-१७व्या दिवसाच्या सुमारास लांबट झालेला भ्रूण इंटरफेरॉन-टाऊ नावाचे प्रथिन स्रवतो. ‘मी आहे’ हा त्याचा आईला दिलेला पहिला निरोप. तो वेळेवर व पुरेसा पोहोचला तर गाय पुढच्या माजावर येत नाही. पोहोचला नाही तर गर्भाशय प्रोस्टाग्लँडिन स्रवते, अंडाशयातील पीतपिंड विरतो आणि एकविसाव्या दिवशी गाय पुन्हा हंबरते.

येथे आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर मिळते. गाय उलटली याचा अर्थ ‘फळलीच नाही’ असा दर वेळी नसतो. अनुकूल परिस्थितीत दहांपैकी सुमारे नऊ अंडपेशींचे फलन होते. परंतु त्यांतील कित्येक भ्रूण पहिल्या दोन-तीन आठवड्यांत नष्ट होतात. ते नष्ट होणे गोठ्यात कोणाला दिसत नाही. रेतन चुकलेले नसते, वीर्य खराब नसते, गाय वांझ नसते. मध्येच साखळीची एखादी कडी निखळलेली असते.

ऊन, उपासमार आणि साखळीची कडी

बीडच्या वाचकाला यापुढील भाग अधिक जवळचा वाटेल. उष्णतेचा ताण भ्रूणाला केव्हा सर्वाधिक बाधतो, यावर बरेच संशोधन झाले आहे. निष्कर्ष असा की, फलनानंतरचे पहिले एक-दोन दिवस सर्वांत नाजूक. आणि भ्रूण जसजसा वाढतो तसतसा तो उष्णता अधिक सोसू लागतो. कारण स्वतःची जनुके जागी होईपर्यंत उष्णतेपासून रक्षण करणारी प्रथिने पुरेशी बनवण्याची क्षमता त्याच्यात नसते. माजाच्या काळातील पक्व होणारी अंडपेशीही अशीच हळवी असते. झेबू वंशाच्या, म्हणजे वशिंड असलेल्या गाईंचे भ्रूण होल्स्टिनसारख्या विदेशी गाईंच्या भ्रूणांपेक्षा उष्णता अधिक सोसतात, असे ब्राह्मण आणि नेलोर या वंशांवरील प्रयोगांत दिसून आले. या दोन्ही वंशांचे पूर्वज भारतातून गेलेले आहेत. देवणी आणि लाल कंधारी हेही वशिंडाचेच वंश. आपल्या देशी गाईचा काटकपणा तिच्या कातडीत आणि खुरांत आहे, हे आपण जाणतो. भ्रूणाच्या पेशीतही काटकपणा असू शकतो, हे विज्ञान आता सुचवत आहे.

दुसरी बाब पोषणाची. माजाच्या दिवशी सुटणारी अंडपेशी त्याच आठवड्यात वाढलेली नसते. तिच्या पुटिकेत पोकळी निर्माण होण्यास आरंभ झाल्यापासून ती सुटेपर्यंत सुमारे दोन ऋतुचक्रांचा, म्हणजे चाळीसहून अधिक दिवसांचा काळ जातो. याच काळात शिदोरी भरली जाते. म्हणून चैत्र-वैशाखातील उपासमारीची किंमत कधी कधी ज्येष्ठ-आषाढात, हिरवा चारा आल्यानंतर मोजावी लागते. २०१३ आणि २०१९ सालच्या दुष्काळांत जिल्ह्यातील जनावरे चारा छावण्यांच्या आश्रयाला होती. छावणीने जनावरांचे प्राण वाचवले. परंतु तगून राहण्यापुरता चारा आणि गर्भ धरण्यास पुरेसे पोषण यांत अंतर असते. पाऊस पडला, गाय माजावर आली, तरी ती लगेच फळेलच असे का नाही, याचे एक कारण येथे सापडते.

पोषण आणि अंडपेशी यांना जोडणारे एक विकरही ज्ञात आहे. ए.एम.पी.के. हे कायनेज पेशीतील ऊर्जेचा हिशेब ठेवते. ऊर्जा घटली की ते जागे होते. उंदराच्या अंडपेशीत ते जागे केले तर विभाजनाला चालना मिळते. गाईच्या अंडपेशीत मात्र उलट घडते. ते जागे केले तर विभाजन अडते. एकच विकर, दोन प्राणी आणि दोन परस्परविरुद्ध परिणाम. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने यातून मोठा धडा घ्यावा. एका प्राण्यावरून काढलेला निष्कर्ष दुसऱ्याला जसाच्या तसा लावता येत नाही. गाईचे उत्तर गाईलाच विचारावे लागते.

काचेच्या बशीतील वासरू

या ज्ञानाचा उपयोग करून शरीराबाहेर फलन घडवण्याची कला विकसित झाली. अशा रीतीने जन्मलेले जगातील पहिले वासरू १९८१ साली अमेरिकेत झाले. भारतात कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत १९९० साली ‘प्रथम’ नावाचे म्हशीचे पारडू या तंत्राने जन्मले. म्हशीच्या बाबतीत तो जगातला पहिला यशस्वी प्रयोग होता. मानवी क्षेत्रात मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून १९८६ साली जन्मलेली बालिका सर्वांना माहीत आहे. महाराष्ट्रात गोपालनाच्या क्षेत्रात मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरळी कांचन येथे स्थापन केलेल्या ‘बाएफ’ने गोठवलेल्या वीर्याचे रेतन शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेले. आज पुणे जिल्ह्यातील जे. के. ट्रस्टच्या प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी देशी गाईंच्या अंडपेशींपासून भ्रूण तयार करण्याचे काम चालते.

अन्य देशांत या संशोधनासाठी कत्तलखान्यातील अंडाशये वापरतात. महाराष्ट्रात गोवंशाच्या कत्तलीस बंदी असल्याने देशी गाईची अंडपेशी जिवंत गाईच्या अंडाशयातून, ध्वनिलहरींच्या यंत्राने पाहून, बारीक सुईने काढावी लागते. परंतु ती बाहेर काढताच पिंकस यांना दिसलेला प्रकार घडतो. बोळा निघतो, हौद रिकामा होतो आणि शिदोरी पुरती बांधून होण्यापूर्वीच पेशी प्रवासाला निघते. केंद्रक तयार होते. पेशीद्रव्य कच्चेच राहते. म्हणूनच प्रयोगशाळेत पक्व केलेल्या शंभर अंडपेशींपैकी साधारण तीस-चाळीसच ब्लास्टोसिस्टपर्यंत पोहोचतात. यावर उपाय म्हणून चक्रीय ए.एम.पी.ची पातळी काही काळ कृत्रिमरीत्या टिकवून पेशीला थोडे थांबवून ठेवण्याचे प्रयोग झाले आहेत. विकरांचा अभ्यास प्रत्यक्ष उपयोगाला येतो तो असा. सातव्या दिवसाचा तयार भ्रूण दुसऱ्या गाईच्या गर्भाशयात ठेवला तर उष्णतेला सर्वांत हळवे असलेले दिवसही टाळता येतात. एखाद्या उत्तम देवणी गाईची वासरे अनेक साध्या गाईंच्या पोटी जन्मू शकतात.

तथापि हे तंत्र खर्चिक आहे आणि ते साध्या काळजीला पर्याय ठरत नाही. भ्रूण कितीही चांगला असला तरी ज्या गाईत तो ठेवायचा ती उपाशी असेल तर उपयोग शून्य.

गोठ्यासाठी काही सूचना

वरील विवेचनातून प्रत्येक पशुपालकाला आचरणात आणता येतील अशा काही गोष्टी निघतात.

पहिली : गाईचे दिवसातून किमान दोन-तीन वेळा, विशेषतः पहाटे व रात्री, निरीक्षण करावे आणि माज प्रथम दिसल्याची वेळ लिहून ठेवावी. रेतन करणाऱ्याला ‘आज माजावर आहे’ एवढेच न सांगता ‘अमुक वाजता दिसली’ असे सांगावे.

दुसरी : रेतनाचा दिवस आणि त्यानंतरचे तीन-चार दिवस गाईला सावली, वारा आणि भरपूर पाणी मिळावे. उन्हाळ्यात त्या दिवसांत तिला लांब चरायला नेऊ नये. झाडाखालची दावण हे सर्वांत स्वस्त औषध आहे.

तिसरी : गाय फळवायची त्याच्या दोन महिने आधीपासून तिच्या खुराकाकडे लक्ष द्यावे. नुसत्या कडब्यावर किंवा उसाच्या वाढ्यावर शिदोरी भरत नाही. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने क्षार मिश्रण द्यावे.

चौथी : तीन किंवा अधिक वेळा रेतन करूनही गाय उलटत असेल तर तिला बाजार दाखवण्यापूर्वी पशुवैद्यकाकडून तपासून घ्यावे. गर्भाशयाचा दाह, संप्रेरकांतील बिघाड, पोषणाची उणीव अशी अनेक कारणे दुरुस्त होण्याजोगी असतात.

आपल्या जिल्ह्यातील अनेक पालक दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि दावणीची गाय वृद्ध आई-वडिलांच्या भरवशावर राहते. त्या महिन्यांत माज नजरेतून सुटतो. घरी राहणाऱ्याच्या हातात एक वही आणि भिंतीवर एक दिनदर्शिका दिली, एकविसाव्या दिवसावर खूण केली, तर एखादे वेत वाचू शकते. लिहिता-वाचता येण्याचा गोठ्यातील उपयोग तो हाच.

विद्यार्थ्यांसाठी

या स्मरणिकेच्या तरुण वाचकांना शेवटी एक गोष्ट सांगावीशी वाटते. विकरांच्या अभ्यासाची वाट आपल्यापासून दूर नाही. दुर्गा भागवत यांच्या भगिनी कमला सोहोनी यांना स्त्री म्हणून बंगळूरच्या विज्ञान संस्थेत प्रथम प्रवेश नाकारण्यात आला होता. त्यांनी आग्रह सोडला नाही, आणि पुढे १९३९ साली जीवरसायनशास्त्रात केंब्रिज विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. त्यांचे संशोधन वनस्पतींच्या पेशींतील श्वसनप्रक्रियेशी, म्हणजे याच सूक्ष्म रसायनाशी निगडित होते. आज परभणीचे पशुवैद्यक महाविद्यालय १९७२ पासून आणि उदगीरचे १९८७ पासून मराठवाड्यातच आहे. दावणीला गाय असलेल्या घरातून आलेल्या मुलामुलींना या विषयाचे अर्धे शिक्षण घरीच मिळालेले असते. माज ओळखणे, सोट पाहणे, उलटलेल्या गाईचे दिवस मोजणे त्यांना शिकवावे लागत नाही. उरलेले अर्धे शिक्षण सूक्ष्मदर्शकाखाली आहे.

देवणी गाईच्या अंडपेशीत ए.एम.पी.के. कसे वागते, लाल कंधारीचा भ्रूण मराठवाड्यातील मे महिना कसा सोसतो, चाराटंचाईनंतर किती दिवसांनी शिदोरी पुन्हा भरते, असे प्रश्न समोर उभे आहेत. ब्राझीलच्या नेलोरवर किंवा अमेरिकेच्या होल्स्टिनवर काढलेली उत्तरे आपल्या गाईला जशीच्या तशी लागू होतील असे नाही. ही उत्तरे शोधायला ज्यांना दोन्ही भाषा येतात, गोठ्याचीही आणि प्रयोगशाळेचीही, अशी माणसे हवीत.

अंडपेशीचा व्यास मिलिमीटरच्या आठव्या भागाइतका. डोळ्याला ती जेमतेम धुळीच्या कणासारखी दिसेल. त्या कणात एक हौद भरतो आणि रिकामा होतो, चाकाखालचे दगड लागतात आणि निघतात, शिदोरी बांधली जाते आणि सोडली जाते. या साखळीतील प्रत्येक कडीला कारण आहे आणि पुष्कळशा कारणांवर माणसाला इलाज करता येतो. पुढच्या वेळी गाय उलटली तर कपाळावर हात मारून न घेता माज किती वाजता दिसला, रेतन केव्हा झाले, त्या दिवसांत ऊन किती होते आणि मागील दोन महिने तिच्या पुढ्यात काय पडले, हे चार प्रश्न विचारावेत.